तो चौथा आठवडा होता, शालन

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही. म्हणून आरंभीच क्षमा मागतो. वाचकांची मागतो, कारण चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवूनही स्वतःचे म्हणावे असे पानभर लेखन मी कधी केलेले नाही, आणि या वयात पहिलाच लेख छापायला देणे हे काहीसे धार्ष्ट्याचेच आहे. तुझीही मागतो, शालन. तुझ्याविषयी चारचौघांत जे बोलायचे होते ते मी आयुष्यभर पुढे ढकलत आलो, आणि आता तू ऐकायला नाहीस तेव्हा बोलायला बसलो आहे.

निवृत्तीनंतर मी इतरांच्या पुस्तकांची मुद्रिते तपासू लागलो, तेव्हा तू म्हणाली होतीस, “दुसऱ्याच्या पोरांची नाकं पुसायला तुमास्नी बरं जमतंय. आपलं एक कवा लिवणार, मास्तर?” मी हसून पुढचे पान घेतले होते. ते आपले एक, हे असे आणि या कारणासाठी लिहावे लागेल, हे मला ठाऊक नव्हते.

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. सकाळी मी अजूनही वर्तमानपत्रातील एखादी बातमी मोठ्याने वाचतो आणि थांबतो. स्वयंपाकघरातून “काय म्हणलासा?” असे यायचे, आणि मग मी तीच बातमी पुन्हा, अधिक सावकाश वाचायचो. तुला पहिल्यांदाच ऐकू येत असे, हे तूच एकदा कबूल केले होतेस. दोनदा वाचून घेतले की मला बरे वाटते, हे तुला कळले होते. आता मी एकदाच वाचतो.

तू शाहूवाडीकडच्या एका खेड्यातली, भातशेती करणाऱ्या घरातली, सातवीपर्यंत शिकलेली. मी मंगळवार पेठेतल्या मास्तरांच्या घरातला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तुझे ‘हाय’ आणि ‘न्हाय’ दुरुस्त करीत असे. तू ‘मी येतो’ म्हणालीस की मी ‘येते’ म्हणून सांगत असे. मग पंधरा दिवस तू माझ्याशी मानेनेच बोललीस. सोळाव्या दिवशी मी विचारले, काय झाले? तू म्हणालीस, शब्द तपासून घेतल्याशिवाय खर्चायचे नाहीत असे ठरवले आहे. त्यानंतर मी तुझी भाषा दुरुस्त केली नाही. माझी मात्र तू पुष्कळ केलीस.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवे. लाजाळू माणसाला प्रस्तावना लांबवण्याची सवय असते, हे तुला माहीत आहे.

त्या दुपारी सूर्यग्रहण होते. तुला पाचवा महिना होता. आईने तुला माजघरात बसवले होते आणि सुई, कात्री, विळी यांना हात लावायचा नाही म्हणून बजावले होते. घरात कोणी काही खायचे नव्हते. मी नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती, आणि असल्या गोष्टी न मानण्याचा मला नवा अभिमान होता. आई देवघरात जपाला बसली आहे असे पाहून मी तुला हळूच म्हटले की एक पेरू चिरून दे. तू म्हणालीस, आत्याबाई बघतील. मी म्हटले, काही होत नाही. तू विळी ओढलीस. पेरूच्या दोन फोडी झाल्या होत्या, एवढ्यात आई दारात उभी राहिली.

चार महिन्यांनी आपली मुलगी जन्मली. कमरेच्या थोडे वर तिची पाठ मिटलेली नव्हती. ती अकरा दिवस जगली. बारसे बाराव्या दिवशी करतात. म्हणून तिला नाव नाही.

दवाखान्यातून तुला घरी आणले त्या दिवशी आई म्हणाली, “ग्रहणात विळी धरली. दुसरं काय व्हायचं?” रागाने नव्हती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर कदाचित मीही रागाने काही बोललो असतो. ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि मी समोरच्या वह्यांच्या गठ्ठ्यातली एक वही उघडली. पेरू मी मागितला होता. न मानणारा मी होतो. ती वही मी तपासली आणि पुढची घेतली.

त्यानंतर आपल्याला मूल झाले नाही. आणि त्यानंतर आपल्या घराण्यातल्या कोणाही सुनेच्या डोहाळजेवणाला तुला बोलावणे आले नाही. ‘येऊ नकोस’ असे कोणी म्हटले नाही. आपल्यात तसे म्हणत नाहीत. निरोप यायचा तो असा, की शालनने करंज्या तेवढ्या पाठवाव्यात. तुझ्यासारखी मुरड कोणालाच जमत नसे. तू आदल्या दिवशी बसून करंज्या तळायचीस, स्टीलच्या डब्यात थराथरांत कागद घालून रचायचीस आणि डबा माझ्या हाती द्यायचीस. एकदाच, झाकण लावता लावता, तू म्हणालीस, “माझ्या हातचं चालतंय त्यास्नी. हात न्हाय चालत.” आणि स्वतःच हसलीस. मी डबा घेऊन गेलो. किती घरी, किती वर्षे, हे मोजण्याचे धैर्य मला नाही.

आई गेली. आपण दोघेच राहिलो. मी निवृत्त झालो, आणि मग मगदूम मॅडमचे हस्तलिखित आपल्या घरी आले.

त्या इथल्याच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत. गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू कसे घडतात, जनुके हे काम कसे करवून घेतात, यावर त्यांनी साध्या वाचकांसाठी मराठीत एक छोटे पुस्तक लिहिले होते. मी फक्त भाषा पाहायची होती. विषयातले मला काही कळत नव्हते, पण वाक्ये चांगली होती. गर्भाच्या पाठीवर आधी पेशींचा एक सपाट पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात, भेटतात, आणि पट्ट्याची नळी होते. वरचे टोक फुगून मेंदू बनतो; बाकीच्या नळीचा मज्जारज्जू होतो. ही नळी चौथ्या आठवड्याच्या अखेरीस पूर्ण मिटते, असे मॅडमनी लिहिले होते.

मी लाल शाईने ‘आठवड्याच्या’ खोडून ‘महिन्याच्या’ असे केले. तीन ठिकाणी केले. समासात ‘लेखनिकाचा प्रमाद?’ असेही लिहिले. मला तेव्हा जराही शंका आली नाही. माझ्या मनात ती पाठ पाचव्या महिन्यात, एका दुपारी, विळीच्या पात्यासमोर उघडली होती. चौथा महिना म्हणजे तरी त्याच्या जवळपास. देवाधर्माचे काही न मानणारा मी, आईचे ते एक वाक्य इतकी वर्षे खरे मानून बसलो होतो, आणि ते मलाच ठाऊक नव्हते.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. “सर, तुम्ही आमचं बाळ चार महिने पाठ उघडी टाकून बसवलंय की. थंडी वाजंल त्याला.”

मी वाद घातला. चार आठवड्यांत तर बाईला दिवस गेल्याची खात्रीसुद्धा झालेली नसते, असे म्हणालो. त्या म्हणाल्या, “तेच तर म्हणतोय मी. आईला पत्ता लागायच्या आत हे सगळं उरकलेलं असतंय.”

फोन ठेवल्यावर मी बोटांवर महिने मोजले. मग पुन्हा मोजले. तू अंगणात कपडे वाळत घालत होतीस. मला उठून तुझ्याकडे जायचे होते. दहा पावलांचे अंतर होते. मी तिन्ही ठिकाणचे ‘महिने’ खोडून पुन्हा ‘आठवडे’ केले आणि चहा मागितला.

सांगता येत नाही तेव्हा दाखवावे, हा मास्तरांचा जुना मार्ग. मॅडमच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्यातले गर्भ पाहायला मिळतात, असे सांगून मी तुला तिकडे घेऊन गेलो. तुझ्या माहेरी खुराडे होते. उबवणीचे यंत्र पाहून तू आधी त्याची कीव केलीस, की ह्याला पंख न्हाईत. मग एक अंडे उचलून खिडकीच्या उजेडात धरलेस आणि यात जीव धरला आहे, त्यात नाही, असे पटापट सांगत गेलीस. मॅडम नोंदवही काढून पडताळत होत्या. एकही चुकले नाही.

त्यांनी तुला सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या दाखवल्या: दीड दिवसाचा गर्भ, मग त्याहून थोडा मोठा. तू बराच वेळ डोळा लावून वाकून राहिलीस. मग मान वर न करता म्हणालीस, “ह्ये तर करंजीच हाय. कडा वर घेऊन मधनं दाबत आणलंय, आन् दोनी टोकं शेवटाला ठेवल्यात.” मॅडम म्हणाल्या की हेच वाक्य विद्यार्थ्यांच्या डोक्यात घालायला त्यांना प्रत्येक वर्षी दोन तास लागतात.

मग तूच विचारत गेलीस. कुठल्या पेशीने काय व्हायचे हे कोण सांगते? मॅडम म्हणाल्या, प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण सगळी जागी नसतात. कोणती जागी व्हायची ते बहुतेक शेजारावर ठरते. मिटणाऱ्या नळीच्या खाली एक बारीक दोरी असते. तिच्यातून एक द्रव्य झिरपते. जवळच्या पेशींना ते भरपूर मिळते, तेव्हा त्यांच्यातली काही जनुके जागी होतात, आणि त्या पुढे हातपाय हलवणाऱ्या चेतापेशी होतात. लांबच्या पेशींना ते थोडेच मिळते, त्यांच्यातली दुसरी जनुके जागी होतात. वरून कातडीकडूनही असाच वेगळा निरोप येत असतो. आणि डोक्यापासून कमरेपर्यंत कुठे काय, हे सांगणारी जी जनुके आहेत ती गुणसूत्रावर त्याच अनुक्रमाने बसलेली असतात. डोक्याकडची एका टोकाला, शेपटाकडची दुसऱ्या. आयुष्यभर वाक्यातला पदक्रम शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून काय वाटले, ते मी त्या दिवशी तुला सांगितले नाही. सांगायला दुसरेच काही होते.

तू विचारलेस, “आन् ज्याची मिटत न्हाय, त्याचं?”

मॅडमना आपली गोष्ट माहीत नव्हती. त्या शिकवताना बोलतात तशाच बोलल्या. कधी एखाद्या जनुकात बदल असतो. बहुधा एकात नाही, अनेकांत थोडा थोडा. कधी आईच्या पोटात एखादे जीवनसत्त्व कमी पडलेले असते, म्हणून हल्ली गोळ्या दिवस जायच्या आधीपासून देतात. आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण जे होते ते त्या पहिल्या चार आठवड्यांतच होते. नंतर कोणी काही केले, न केले, त्याने मिटलेली पाठ उघडत नाही.

तू “व्हय” म्हणालीस आणि पदर सारखा केलास.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलीस. मी वाक्ये जुळवत होतो. रंकाळ्याचे वळण आले तेव्हा तूच बोललीस. “मला ठावं होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं तवाच सांगितलं होतं. नवव्या दिवशी. म्हणाली, बाई, ह्ये पहिल्या महिन्यातलं हाय, तू काय बी केलेलं न्हाईस.”

मी विचारले, मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?

तू बाहेर पाहत होतीस. “मी सांगून कोण ऐकणार होतं? ते तुमी सांगायचं होतं.” थोड्या वेळाने म्हणालीस, “उतरा. आपला स्टॉप आला.”

तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. माझी आई नव्हती, पण माझी थोरली वहिनी अक्का होती, चुलत्यांची घरे होती, दर दोन वर्षांनी कोणाचे तरी डोहाळजेवण होते, डबा होता. मला बोलता आले असते. मी मनातल्या मनात अनेकदा ते वाक्य तयार केले, त्यातला एखादा शब्द बदलला, आणि राहू दिले. लोकांना वाटते की मितभाषी माणूस विचारपूर्वक बोलतो. बहुधा तो फक्त बोलत नाही.

तरीही त्या भेटीने आपल्याला एक वाद दिला, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. संध्याकाळी मी मॅडमचे पुस्तक तुला वाचून दाखवू लागलो. माझे म्हणणे असे की जनुके आज्ञा देतात. तुला ते मान्य नव्हते. तू म्हणायचीस, तुमास्नी सगळीकडं हेडमास्तरच दिसतोय. भाताची रोपलागण बघितलाय का कवा? पंधरा बायका चिखलात वाकलेल्या असतात. प्रत्येकीला कोण सांगत बसत नाही. शेजारणीचा हात कुठवर आला ते बघून ती आपले रोप लावते, आणि मागे बघावे तर ओळ सरळ. मी म्हणालो, पण ओळ धरायची दोरी तर कोणीतरी आधी बांधलेली असते, तीच जनुके. तू म्हणालीस, “दोरी बांधणारा बी चिखलातच उभा असतोय की.” त्यावरचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचले, पण तोवर तू तिसऱ्याच मुद्द्यावर गेली होतीस. आपला हा वाद पाच वर्षे चालला. मागच्या महिन्यात मला वाटू लागले होते की तुझेच बरोबर असावे. सांगेन म्हणत होतो.

आणखी एक कबुली राहते. मॅडमनी करंजीची उपमा पुस्तकात घेतली, आणि ऋणनिर्देशात तुझे नाव, आडनावासह, लिहिले. ज्या पुस्तकाची भाषा मी पाहिली त्यात माझ्याच पत्नीचे नाव बरे दिसणार नाही, असे वाटून मी ते खोडले. उपमा राहिली, नाव गेले. पुस्तक आले तेव्हा तू ते पान दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलेस आणि पुस्तक कपाटात नीट ठेवलेस. मला आता वाटते, की माझ्याकडून राहून गेलेल्या गोष्टी तू कपाटात ठेवल्यासारख्याच ठेवत होतीस.

तुझ्या तेराव्याला सगळे आले होते. अक्काची सून सायलीही आली होती. तिला सातवा महिना आहे. ‘काकूंना नमस्कार करायचा आहे’ म्हणून ती आपणहून आली, असे नंतर कळले. तुझा फोटो बाहेरच्या खोलीत होता. ती पुढे येऊ लागली तेव्हा अक्काने तिचा दंड धरला आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुजबुजली, की लांबूनच कर. शालन गुणाची होती, पण ग्रहण तिला भोवले, तुझे दिवस नाजूक आहेत.

मी पाटावर बसलो होतो. उठलो. मला वाटते माझा आवाज फार बारीक निघाला, कारण स्वयंपाकघरातली भांडी थांबेपर्यंत मला दोनदा सुरुवात करावी लागली. मी म्हणालो, “अक्का, तिचा काही दोष नव्हता. पेरू मी मागितला होता. आणि पेरू चिरल्याने काही झालं नाही. बाळाची पाठ पहिल्या महिन्यातच मिटायची राहिली होती.”

इतक्या वर्षांत तयार केलेल्या वाक्यांपैकी हे एकही नव्हते.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. ती वाईट बाई नाही, तुला ती आवडायचीही. ती म्हणाली, “आता बोलून काय उपयोग, तात्या? ती गेली.”

सायलीने एकदा तुझ्या फोटोकडे पाहिले, एकदा अक्काकडे पाहिले, आणि ती होती तिथेच उभी राहून तिने हात जोडले. मग कोणीतरी पानं वाढायला घ्या म्हणून हाक दिली.

मी सायलीला दोष देत नाही. मी चाळीस वर्षे जिथे उभा होतो, तिथेच ती उभी आहे, आणि तिच्या पोटात बाळ आहे. पण तेव्हापासून मला अक्काचा प्रश्न सोडत नाही. उपयोग तुला झाला असता. तू असताना झाला असता. बसच्या त्या खिडकीशी बसून तू मला हेच सांगितले होतेस, आणि त्यानंतरही तू मला पाच वर्षे दिली होतीस.

पुढच्या पंधरवड्यात सायलीचे डोहाळजेवण आहे. बोलावणे मला आले आहे. मी जाणार आहे, आणि तिच्याशी शांतपणे, एकटीशी, बोलायचा प्रयत्न करणार आहे. जमेल की नाही याची खात्री मला माझ्याविषयी देता येत नाही. म्हणून हे छापायला दिले आहे, म्हणजे निदान खोडता येणार नाही. शालन, तुझे नाव या लेखात मी जिथे जिथे लिहिले आहे तिथे तिथे ते तसेच ठेवले आहे.

वाचकहो, तुमच्या घरात अशी कोणी आहे का, जी अजून ऐकू शकते, आणि जिच्या बाजूने बोलायचे तुमच्याकडून राहून गेले आहे?